उत्तरपूजा राहिली

१

घराबाहेर पडताना मी चार ठिकाणी हात लावून बघतो. डाव्या खिशात फोन, उजव्यात किल्ल्या, मागच्या खिशात पाकीट, आणि जॅकेटच्या आत, उजव्या कमरेला, पिस्तूल.

दचकू नका. दचकायला घरात बायको आणि मुलगी आहेत, तेवढ्या पुरे. या पिस्तुलातून गोळी सुटत नाही. मोठा आवाज होतो आणि डोळे चुरचुरणारा गॅस येतो, बस. खरं पिस्तूल घेऊन रस्त्यावर फिरायची परवानगी जर्मनीत तुम्हाआम्हाला कोणी देत नाही. या असल्या पिस्तुलाला मात्र ‘क्लायनर वाफनशाइन’ नावाचा कागद मिळतो. अर्ज करायचा, फी भरायची, ते तुमची पार्श्वभूमी तपासतात आणि कागद देतात. मी रीतसर घेतला. माझा हक्क आहे, मी बजावला. दिसायला ते हुबेहूब खऱ्यासारखं आहे, तो काय माझा गुन्हा?

झालं होतं असं. गेल्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनमध्येच, आमच्या घराजवळच्या ट्रामच्या थांब्यावर तिघं जण आले. एकाने माझी कानटोपी ओढली, दुसऱ्याने कुठून आलास विचारलं आणि तिसऱ्याने मला ढकललं. मी चिखल झालेल्या बर्फात पडलो. एवढंच. पोलिसांनी तक्रार सुरेख अक्षरात लिहून घेतली. पण माझी मुलगी उर्जा, तेव्हा अकरा वर्षांची, माझा हात धरून उभी होती. मी पडलो तेव्हा तो हात सुटला. तिने माझा चष्मा चिखलातून शोधला, स्वतःच्या स्वेटरला पुसला आणि माझ्याकडे दिला. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. त्या दिवसापासून मला नीट झोप लागली नाही, आणि एप्रिलमध्ये मी पिस्तूल घेतलं.

घेतलं ते तिच्यासाठी. आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, की त्याच्यामुळे तीच माझ्याबरोबर चालेनाशी झाली. दर बुधवारी आणि शुक्रवारी तिचा हँडबॉलचा सराव असतो. शाळेच्या व्यायामशाळेतून घर पंधरा मिनिटांवर. पूर्वी ती बडबड करत, हात झुलवत माझ्या शेजारून यायची. आता वीस पावलं पुढे चालते. मी विचारलं तर जर्मनमध्ये म्हणाली, "ते तुमच्याजवळ असेल तर मी तुमच्याजवळ नाही." आमच्या पोरीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते, आणि जर्मनमध्ये दिलेलं उत्तर जरा जास्तच लागतं.

२

बायको विभावरी कोल्हापूरकडची. तिच्या माहेरी बारा बोअरची बंदूक होती, भिंतीवर, परवान्याची. त्यामुळे ती या विषयात स्वतःला तज्ज्ञ समजते.

"हत्यार घरात असलं ना गुरू, की घर त्याच्या कलानं वागायला लागतं," ती म्हणायची. "अण्णांचा आवाज चढला की आई आधी भिंतीकडे बघायची, मग अण्णांकडे. त्यांनी कधी बोट लावलं नाही कुणाला. पण आई बघायची."

"ह्याच्यात गोळी नाही, विभा."

"समोरच्याला कुठं माहितेय? त्याच्याकडे खरं असलं तर? पोलिसांनी बघितलं तर ते आधी विचारतील का, की बाबा रे आत काय आहे?"

यावर मी चिडायचो.

सप्टेंबरमध्ये सासरे आले, तीन महिन्यांसाठी. शरदचंद्र त्यांचं नाव, सगळे अण्णा म्हणतात. सहा फुटी माणूस, शहात्तर वर्षांचे, मिशी अजून काळी करतात. मला वाटलं, चला, एक तरी मत आपल्या बाजूला. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, नळीत डोकावले आणि खो खो हसले.

"जावईबापू, हे काय, नाटकातलं? ह्यानं तर चिमणीसुदिक उडायची न्हाई."

"पण जवळ बाळगावं की नाही? तुम्ही सांगा हिला."

"बाळगावं की. मर्दाचा हक्क हाय तो. पण हत्यार असं पाकिटागत कमरेला लावून हिंडायचं नसतं. त्याचा मान ठेवायचा. वर्षातनं एकदा पुजायचं, बाकी भिंतीला." मग बोट वर करून म्हणाले, "खंडेनवमी आलीच हाय. करू."

उर्जा सोफ्यावरून म्हणाली, "आजोबा, जर्मनीत हे फक्त पोलिसांकडे असतं." आजोबांना जर्मन कळलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

३

खंडेनवमी बुधवारी आली, एक ऑक्टोबरला. दिवाणखान्यात चौरंग मांडला, वर लाल कापड. अण्णांनी सगळ्यांना आपापली हत्यारं आणायला लावली. मी लॅपटॉप ठेवला, विभावरीने स्वयंपाकघरातली मोठी सुरी आणि तिच्या प्रयोगशाळेतली एक पिपेट. उर्जाने काही दिलं नाही. मधोमध अण्णांनी पिस्तूल ठेवलं, मॅगझीन काढून. फुलांच्या दुकानातून झेंडूची कुंडी आणली होती, तिची फुलं तोडताना विभावरी हळहळली.

मला वाटलं होतं, हळदकुंकू, नारळ, आरती, पाच मिनिटांत उरकेल. पण अण्णा मांडी घालून बसले ते बसलेच. डोळे मिटले, पिस्तुलावर हात धरला आणि आवाहन म्हणायला लागले. या, बसा, इथे राहा, अशा अर्थाचं काहीतरी. त्यांचा नेहमीचा भसाडा आवाज नव्हता तो. एकदम लहान झाला होता. कोणा मोठ्या माणसाला दारातून आत घेताना आपण बोलतो तसा. मला हसू आलं होतं ते मी गिळलं. आणि त्याच क्षणी समईच्या ज्योती, पाचही, जरा खाली बसल्या, अन् परत वर आल्या. खिडकीची फट. आमच्या घराच्या खिडक्या एकशे दहा वर्षांच्या आहेत.

"आता उद्या उत्तरपूजा होईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई," अण्णा उठत म्हणाले. "बोलावलंय आपण. निरोप दिल्याबिगर उठवायचं नसतं."

"अहो अण्णा, हे कुलपात ठेवायला लागतं. कायदा आहे, घरात लहान मूल आहे."

"देवाला कुलपात घालता? मी इथंच झोपतो, राखणीला."



दुसऱ्या दिवशी दसरा, गुरुवार. आता बघा, जर्मनीत सुट्टी तीन तारखेला, आणि दसरा दोनला. त्यात आमच्या ऑफिसात सकाळी सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती बाहेर काढायची होती. मी सात पन्नासला निघणारा माणूस. सात पंचेचाळीसला अण्णा न्हाणीघरात, पाण्याचा आवाज येतोय, विभावरी उर्जाची वेणी घालतेय. मी दिवाणखान्यात गेलो, पिस्तुलावरची फुलं बाजूला केली, कुंकू रुमालाने पुसलं, मॅगझीन घातलं, कमरेला लावलं आणि निघालो.

उत्तरपूजेला काय, चार अक्षता टाकून एकदा हलवायचं. ते मी हलवलंच की, असा माझा हिशेब.

पहिल्या वळणावर पट्टा खाली ओढला गेला. उजव्या बाजूला. मी तो वर केला आणि पुढे चालायला लागलो.

४

मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कोणी म्हणालं ‘असं होतंय’, की मी म्हणतो, ‘परत करून दाखव’. जे परत करून दाखवता येत नाही ते झालेलंच नाही, या तत्त्वावर माझं पोट चालतं.

तर पिस्तूल जड झालं होतं. मी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. सहाशे नव्वद ग्रॅम. आधीही तेवढंच होतं. उचलून ठेवलं, तीनदा. सहाशे नव्वद. मी स्वतःशीच हसलो आणि ते कमरेला लावलं, आणि गुडघा वाकला.

काट्यावर हलकं, माझ्यावर जड. मग खराबी माझ्यात. डॉक्टरकडे गेलो, तो म्हणाला पाठीचे व्यायाम करा. केले. आठवड्याभरात पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, आणि उजव्या बुटाची टाच डावीपेक्षा अर्धा इंच जास्त झिजली. ऑफिसात मी ते कपाटात बंद करून ठेवायचो, कोणाला न सांगता. एका सोमवारी दुपारी ते लोखंडी कपाट भिंतीतून स्क्रूसकट उखडून पुढे झुकलेलं होतं. आत पिस्तूल, माझा डबा आणि एक छत्री. केअरटेकर म्हणाला, "आत दगड ठेवता का हो?" मी त्याच्याबरोबर हसलो. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तुम्ही म्हणाल, मग घरी ठेवायचं. ठेवलं की एक दिवस. निघालो, चार जिने उतरलो, आणि थांब्याच्या आधीच्या कोपऱ्यावर ते तिघं आठवले. मी परत वर गेलो. हे खरं कारण आहे आणि मला त्याची लाज वाटते. ओझं सहन होत होतं, पण ओझ्याशिवाय चालणं सहन होईना.

आणि एक सांगायचं राहिलं. ते जड होतं, पण त्रासदायक नव्हतं. कडेवर झोपलेलं मूल जसं जड होत जातं आणि तरी आपण त्याला खाली ठेवत नाही, तसं.

५

आमच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ नोआक, म्हणजे नोआकबाई, राहतात. ऐंशी वर्षांच्या, एकट्या, इमारतीचे सगळे नियम तोंडपाठ. ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांनी मला जिन्यात अडवलं.

"तर मग, श्रीयुत गुरुदत्त. तुमच्याकडे पाहुणे आलेत."

"हो, माझे सासरे. आवाज होतो का? मी सांगतो त्यांना."

"छे, छे. ते म्हातारे गृहस्थ नाहीत. त्यांची पावलं मी ओळखते, ते चपला घासत चालतात." त्यांनी आवाज खाली आणला. "दुसरे. जे तुमच्याबरोबर संध्याकाळी येतात आणि सकाळी तुमच्याबरोबर जातात. माझ्या झुंबराचे लोलक वाजतात ते आले की."

मला संताप आला. म्हातारीला भ्रम होतोय, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की ती तक्रार करतच नव्हती. हात पोटाशी जोडून उभी होती, चर्चमध्ये उभं राहतात तशी.

"चाळीस वर्षं मी एकटी आहे इथे," ती म्हणाली. "ते वर आले की मी दिवा बंद करून ऐकत बसते. त्यांना थांबवू नका."

मी वर आलो. आमच्या पॅसेजमध्ये लाकडी फळ्यांची जमीन आहे, जुनी, कुरकुरते. मी बूट काढले, मोज्यांनिशी एक पाऊल टाकलं. कुर्र. थांबलो. मी थांबल्यावर, माझ्या मागे, दाराजवळच्या फळीतून परत एकदा आवाज आला. सावकाश. लांब. मग दाराची चौकट जराशी बोलली, उंच माणूस आत येताना खांदा घासतो तशी.

लाकूड थंडीत आकसतं. हीटिंग लागलं की फुगतं. हे मी मोठ्याने म्हटलं, मराठीत, रिकाम्या पॅसेजमध्ये.

६

अण्णा बदलले होते. दसऱ्याच्या सकाळी न्हाणीघरातून बाहेर आले आणि रिकामा चौरंग बघितला, त्या दिवसापासूनच. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील. काही नाही. चौरंगासमोर ओल्या अंगाने उभे राहिले, असं विभावरीने सांगितलं. नंतर त्यांनी आपली गादी दिवाणखान्यात उलटी घातली. पिस्तूल आमच्या झोपायच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत असायचं, आणि त्यांना त्या भिंतीकडे पाय नको होते.

शेवटी एका रविवारी विभावरीच म्हणाली, "अण्णा, करून टाका ना उत्तरपूजा आता. ह्यांची पाठ वाकलीय, मला बघवत नाही. ह्यांचा विश्वास नाही, नसू दे. करून टाका."

चौरंग परत मांडला. मी पिस्तूल आणून ठेवलं, आणि चौरंगाच्या चारही पायांनी हूं केलं. सगळ्यांनी ऐकलं. उर्जा दाराशी उभी होती, हाताची घडी घालून. ती चौरंगाकडे बघत नव्हती. चौरंगाच्या वर, बसलेल्या माणसाचं तोंड असेल त्या उंचीवर बघत होती.

अण्णांनी हातात अक्षता घेतल्या. हात पुढे केला. तो तसाच राहिला, एक मिनिट, दोन मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होतो म्हणून सांगतो. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिशीवरून ओघळलं, पुसलंही नाही.

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," ते म्हणाले.

"काय झालं अण्णा?"

"पन्नास वर्षं बोलावतोय. दर साली. कधी कोण आलं न्हवतं गं पोरी." त्यांनी अक्षता परत ताटलीत ठेवल्या, एकही दाणा सांडू न देता. "आता आल्यावर जा म्हणू? कुठल्या तोंडानं?"

"अण्णा, आहे काय तिथे? कोण आहे?" माझा आवाज चढला होता.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी आयुष्यात कधी कोणाच्या नजरेत एवढा लहान झालो नव्हतो. "तुम्ही कमरेला लावून हिंडताय जावईबापू," ते म्हणाले, "आणि मला इचारता?"

७

चोवीस ऑक्टोबर, शुक्रवार. पावणेसहाची वेळ. ओलं धुकं होतं, दिवे नुकतेच लागले होते. मी व्यायामशाळेच्या दारातून उर्जाला घेतलं आणि ती नेहमीप्रमाणे वीस पावलं पुढे निघाली. पाठीवर दप्तर, वेणी ओली. मी पाय ओढत मागे. बागेतल्या वाटेवर चेस्टनटच्या पानांचा खच पडला होता.

वाटेच्या मध्यावर तिघं उभे होते. टोप्या, हात खिशात. मी त्यांच्याकडे बघितलं. तेच होते का? आजही सांगता येणार नाही. धुक्यात तिघं म्हटलं की मला तेच तिघं दिसतात.

त्यांतला एक पुढे आला आणि उर्जाच्या वाटेत उभा राहिला. तिच्याशी काहीतरी बोलला. ती थांबली. त्याने खिशातून हात बाहेर काढला, हातात काहीतरी होतं.

मी जॅकेटमध्ये हात घातला. त्या वेळी डोक्यात काय होतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, विभावरीलाही नाही. आनंद होता. आठ महिने मी या क्षणाची वाट बघत होतो. मूठ धरली आणि ओढलं.

ते आलं नाही.

अडकलं नव्हतं. मूठ माझ्या हातात होती, कोमट. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तीच उचलायला जावं, तसं झालं. माझे गुडघे टेकले. डावा हात पानांत रुतला. आणि मग सगळं शांत झालं. रस्त्यावरची ट्राम, कावळे, थेंब, काहीच ऐकू येईना. फक्त एक श्वास. माझा नाही. खूप वेळ एका जागी बसलेला कोणी उठायच्या आधी घेतो तसा लांब श्वास, माझ्या डोक्याच्याही वरून.

आणि माझ्या कमरेवरचं ओझं उतरलं.

एकदम नाही. हळूहळू, आधी एक बाजू, मग दुसरी. माझ्या डाव्या हाताशेजारची ओली पानं दबली. कोणी दाबताना दिसलं नाही. पण ती खाली गेली, परातीएवढी जागा, आणि कडेने पाणी वर आलं. माझ्या मागे दिवा होता, त्यामुळे माझी सावली पुढे वाटेवर पडली होती. ती मला दिसेनाशी झाली. तिच्यावर दुसरी चढली. ती वाढत गेली, वाटभर, उर्जाच्या पायांवरून, त्या तिघांवरून, पुढच्या झाडांच्या खोडांवरून वर, जिथे सावली जाऊच शकत नाही तिथपर्यंत.

त्या तिघांच्या हनुवट्या वर गेल्या. पळाले नाहीत. एकाने टोपी काढली आणि छातीशी धरली. पुढे आलेला एक पाऊल मागे सरला, मग खाली बघायला लागला, आणि त्याचे खांदे हुंदक्यांनी हलायला लागले. त्याच्या हातातली वस्तू पानांत पडली होती. फोन होता. पडद्यावर नकाशा उघडा होता, त्यावर निळी रेघ. ते रस्ता विचारत होते.

रस्ता विचारत होते हो. विशी-बाविशीची पोरं. मी त्यांच्या तोंडावर पिस्तूल धरणार होतो. पोरीच्या डोक्यावरून.

मी उर्जाकडे बघितलं. ती मागे वळली होती, माझ्याकडे तोंड करून, पण नजर माझ्यावर नव्हती. माझ्या मागे, वर, अजून वर. तिचं तोंड उघडं होतं आणि डोळे भरले होते. घाबरली नव्हती ती. शपथेवर सांगतो, माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर तेवढं सुख मी तिच्या जन्मापासून बघितलं नव्हतं.

"निश्ट उमद्रेएन, बाबा," ती अगदी हळू म्हणाली. मागे वळू नका.

मला वळायचं होतं. शहानिशा केल्याशिवाय मी दुधाची पिशवी घेत नाही. पण माझी मान खाली गेली, कपाळ पानांना लागलं, आणि मला रडू फुटलं. भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण भीतीच्या वर काहीतरी होतं. एवढं मोठं काहीतरी तीन आठवडे माझ्या कमरेला, माझ्या घामेजल्या पट्ट्याला बसून माझ्याबरोबर ऑफिसला आलं, भाजीला आलं. आणि मी त्याला वजनकाट्यावर ठेवलं होतं.

कधी तरी ट्रामची घंटा ऐकू आली. वर बघितलं तर तिघं गेले होते. उर्जाने मला हात देऊन उठवलं. पिस्तूल कमरेला होतं, रिकाम्या काड्यापेटीसारखं. कोणीही उचललं असतं.

८

सोमवारी मी ते परवान्याच्या कार्यालयात जमा केलं. बाईंनी फॉर्म भरून घेतला, क्रमांक तपासला आणि ते खोक्यात टाकलं. कारण विचारलं. मी म्हटलं, आता गरज नाही. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. अण्णा नोव्हेंबरमध्ये भारतात परत गेले. जाताना विमानतळावर त्यांनी उर्जाला वाकून नमस्कार केला, नातीला, सगळ्यांसमोर. तिने तो घेतला, आणि ती हसली नाही.

विभावरी खूश आहे. घर हलकं झालं म्हणते. पॅसेजमधल्या फळ्या एकदाच वाजतात. फक्त फ्राऊ नोआक मला जिन्यात दिसल्या की तोंड फिरवतात.

आणि उर्जा माझ्याबरोबर चालते. मला जे हवं होतं ते मिळालं. बुधवारी आणि शुक्रवारी ती व्यायामशाळेतून बाहेर येते आणि पुढे न पळता माझ्या बरोबरीने निघते. शाळेतलं सांगते, हसते. पण आमच्या दोघांच्या मध्ये ती जागा ठेवते. एका माणसाची, जरा मोठ्या माणसाची. पदपथ अरुंद झाला तर ती खाली रस्त्यावर उतरते, पण ती जागा सोडत नाही.

परवा मी मुद्दाम तिच्याकडे सरकलो. तिचा हात धरायचा होता. फेब्रुवारीत सुटला तो परत धरलाच नव्हता.

"बाबा, तिथे नको," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. तिचा माझ्या बाजूचा हात खांद्याच्याही वर गेलेला होता, लहानपणी माझ्या हातात असायचा तसा, आणि बोटं घट्ट मिटलेली होती. ती तो हात झुलवत होती.

मी बाजूला सरकलो.